प्लॅस्टिकच्या होडीच्या तळाला भोके पडली आहेत; एकही ठिगळ टिकत नाही

प्रश्न : बावडेकर_ऊसवाला

नमस्कार. कसबा बावड्याच्या बाजूला पंचगंगेच्या काठावर आमचा ऊस आहे आणि आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून नदीवर मोटर बसवलेली आहे. फूटव्हॉल्व्हच्या (पाण्यात सोडलेल्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जाळीत केंदाळ अडकले की मोटर हवा धरते. ते काढण्यासाठी, तसेच पावसाळ्यात पाणी चढू लागले की सक्शन पाइप सोडवून घेण्यासाठी, आम्ही तीन वर्षांपूर्वी एक वापरलेली प्लॅस्टिकची होडी विकत घेतली. होडी निळ्या रंगाची, सुमारे तीन मीटर लांब, दोन माणसे बसतील एवढी असून तिचा तळ दुहेरी, म्हणजे आतून पोकळ आहे. मागच्या बाजूला आत शिरलेले पाणी सोडण्यासाठी एक बूच आहे.

या उन्हाळ्यात राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदी उथळ झालेली असताना आम्ही ती ओढत नेत होतो. तेव्हा काँक्रीटमधून वर आलेली एक सळई तळात घुसली आणि रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले. होडी उलटी करून नीट पाहिल्यावर आणखी दोन दुखणी सापडली. बसण्याच्या फळीचा बोल्ट जिथे आहे तिथून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची चीर गेलेली आहे, आणि मागच्या टोकाला, जो भाग नेहमी जमिनीला घासतो, तिथे प्लॅस्टिक इतके पातळ झाले आहे की उन्हाकडे धरल्यावर उजेड आरपार दिसतो व त्यात सुईने टोचल्यासारखी तीनचार छिद्रे आहेत.

प्रथम आम्ही दोन भाग एकत्र मळून लावायची इपॉक्सी पुट्टी भरली. ती दगडासारखी घट्ट झाली, परंतु होडीत माणूस बसताच तळ किंचित लवला आणि पुट्टीचा गोळा जसाच्या तसा बाहेर पडला. त्यानंतर फायबरचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून काचतंतूची मॅट आणि रेझिन यांचे तीन थर देऊन घेतले. पंधरा दिवसांत त्या ठिगळाची एक कड सुटली, आणि कडेला नख घालून ओढल्यावर भाकरीचा पापुद्रा निघावा तसे संपूर्ण ठिगळ हातात आले. त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती, होडीच्या अंगावरचे बारीक ओरखडेसुद्धा तिच्यावर उमटलेले होते. आता कोणता चिकटवणारा पदार्थ वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी निघतील, त्याच्या आत होडी तयार हवी आहे.


उत्तर : उद्यमनगर_जॉबवर्क

ठिगळाची आतली बाजू काचेसारखी निघाली, ओरखड्यांसह निघाली, या आपल्या एका वाक्यात निदान आले आहे. याचा अर्थ रेझिन होडीच्या अंगावर व्यवस्थित पसरले, त्याने प्रत्येक खाचखळगा भरला, आणि तरीही ते तिला धरू शकले नाही. यात त्या कारागिराच्या हाताचा दोष असेलच असे नाही. त्याने फायबरच्या होडीची दुरुस्ती प्लॅस्टिकच्या होडीवर केली, एवढीच चूक झाली. आपली होडी बहुधा पॉलिएथिलीनची आहे. हा पदार्थ मेणाच्या जातीचा असल्यामुळे द्रव त्याच्यावर आपणहून पसरत नाही, आणि दाबून पसरवला तरी घट्ट धरत नाही. त्याची पृष्ठऊर्जा प्रति मीटर सुमारे ३१ मिलिन्यूटन भरते, तर पाण्याचा पृष्ठताण ७२ आहे, म्हणून त्यावर पाण्याचे थेंब गोल राहतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की चिकटवण्याचा विचारच बाजूला ठेवावा आणि वितळवून जोडण्याचा विचार करावा.

मात्र त्याआधी प्लॅस्टिकची जात निश्चित करा, कारण जात चुकली तर पुढचे सर्व श्रम वाया जातात. बुचाच्या भोकाजवळ होडीच्याच कडेचा नखाएवढा तुकडा कापून घ्या. तो साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. साबण यासाठी की केवळ पृष्ठताणावर तरंगून तो आपली फसवणूक करू नये. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात, पीव्हीसी तळाला बसते आणि एबीएससुद्धा, सावकाश का होईना, बुडते. नंतर तो तुकडा पकडीत धरून उघड्यावर पेटवा. विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास आला आणि थेंब गळू लागले तर पॉलिएथिलीन. काळा काजळीदार धूर आला तर एबीएस. आणि ज्योत बाजूला घेताच विझून नाकाला झोंबणारा वास आला तर पीव्हीसी. तो शेवटचा वास हुंगत बसू नका.

तिसरी परीक्षा लोक विसरतात. आणखी एक तुकडा तापलेल्या उलथन्यावर ठेवून दुसऱ्या चमच्याने दाबा. तो मधासारखा पसरला आणि त्याची तार निघाली तर ठीक. तो केवळ मऊ व चमकदार झाला, पण पसरला नाही, तर ते क्रॉसलिंक केलेले, म्हणजे रेणू एकमेकांना कायमचे जखडलेले पॉलिएथिलीन आहे आणि ते पुन्हा वितळत नाही. तसे निघाले तर वेल्डिंगचा मार्ग बंद झाला असे समजा.


बावडेकर_ऊसवाला

आपल्या सूचनेप्रमाणे तिन्ही परीक्षा केल्या. तुकडा तरंगला. पेटवल्यावर देवघरात मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला आणि जळते थेंब टपटप खाली पडले. उलथन्यावर तो पसरला आणि चमचा उचलताच चीजसारखी लांब तार निघाली. (उलथने घरातले होते, त्यावरून झालेले बोलणे येथे लिहीत नाही.)

आता दोन शंका आहेत. वेल्डिंगमध्ये वितळवून भरायची प्लॅस्टिकची पट्टी कुठून आणावी? आमच्याकडे तुषार सिंचनाच्या एचडीपीई पाइपचे तुकडे पडलेले आहेत, तेही पॉलिएथिलीनच आहे, मग ते चालतील का? आणि साध्या सोल्डरिंग आयर्नने हे काम होईल का?


उत्तर : टाकीसाचा

मी बरीच वर्षे पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात साच्यावर काम केले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आपली होडी आणि घराच्या गच्चीवरची टाकी या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही बहुतेक वेळा फिरत्या साच्यात पावडर वितळवून बनवतात आणि त्यासाठी लिनिअर लो-डेन्सिटी पॉलिएथिलीन वापरतात. ते वितळल्यावर साच्यात सहज वाहते. पाइपचे एचडीपीई मात्र मुद्दाम फार घट्ट वाहणारे ठेवलेले असते, कारण पाइप साच्यातून बाहेर पडताना लोंबता कामा नये. दोन्ही नावाने पॉलिएथिलीन असले तरी वितळल्यावर एक पाकासारखे आणि दुसरे चिक्कीसारखे वागते. पाइपची पट्टी वरून बसलेली दिसते, पण दोन्ही पदार्थ एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थंड झाल्यावर कडेने सुटतात. म्हणून पाइपचे तुकडे नकोत.

त्याऐवजी मोडीत निघालेल्या टाकीचे झाकण मिळवा. टाकीच्या भिंतीत अनेकदा मधला थर फेसाळ असतो आणि त्याची पट्टी बुडबुड्यांनी भरलेली निघते; झाकण सहसा एकजीव असते. कापलेल्या कडेवर बुडबुडे दिसत नाहीत ना, हे पाहून त्यातून चारपाच मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. झाकण शक्यतो काळ्या टाकीचेच घ्या, कारण काजळी मिसळलेले प्लॅस्टिक उन्हात जास्त टिकते. निळ्या होडीवर काळे डाग दिसतील, पण आपल्याला ती प्रदर्शनात ठेवायची नाही.

साधने सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सचे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरणार नाही. त्याची सर्व उष्णता पाच मिलिमीटर जाडीचा तळ गिळून टाकतो. ६० ते १०० वॉटचे, चपट्या टोकाचे चालते. तापमान ठरवता येणारी हॉट एअर गन आणि तिला बारीक नळी असेल तर उत्तम. नळीच्या तोंडाशी साधारण २६० ते ३०० अंश सेल्सिअस ठेवा. पदार्थ स्वतः १२५ अंशांच्या आसपास वितळतो, परंतु हवा वाटेत थंड होते आणि उष्णता आत मुरायला वेळ लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी बूच काढून ठेवा आणि ते शेवटपर्यंत लावू नका. पोकळ तळातली हवा तापून फुगते, आणि तिला वाट नसेल तर ती तुमच्या वितळलेल्या जोडातूनच वाट काढते. आतले पाणी पूर्णपणे वाळू द्या, शक्य तर दोन दिवस उन्हात उभी करून ठेवा, कारण भोकाच्या पाठीमागे राहिलेला एक ओला थर वाफ होऊन जोडात फोड आणतो. आत थर्माकोल किंवा फोम भरलेला आहे का, हेही भोकातून बॅटरी मारून बघा. असेल तर त्या जागी गरम हवा मारू नका, जवळ पाण्याची बादली ठेवा आणि काम उघड्यावरच करा. जळत्या फोमचा धूर विषारी असतो.

आता नाण्याएवढ्या भोकाविषयी. भोकाच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या असतील. त्या चाकूने काढून भोक स्वच्छ गोल करा आणि कडेला बाहेरून उतार द्या, म्हणजे भोक बशीसारखे वर रुंद व खाली अरुंद होईल. झाकणातून त्याच उताराची चकती कापून ती बुचासारखी बसवा आणि चार ठिकाणी आयर्नचे टोक टेकवून टाके घाला. मग सभोवतालच्या चरात पट्टी भरत जा. भोवतालची दोन बोटे जागा चाकूच्या पात्याने खरवडून घ्या, कारण उन्हाने वरचा पापुद्रा मेलेला असतो आणि मेलेले प्लॅस्टिक जोड धरत नाही. पॉलिशपेपरपेक्षा पाते बरे. कागदाची खर प्लॅस्टिकमध्ये रुतून बसते. खरवडल्यावर बोट लावू नका आणि त्याच दिवशी वेल्डिंग करा.

सगळी कला एकाच गोष्टीत आहे. नवशिका माणूस पट्टी वितळवतो आणि होडीवर ओततो. वितळलेली पट्टी थंड तळावर पडली की ती नुसती बसते, जुळत नाही. तापवायचा आहे तो मुख्यतः तळ. गन तळ आणि पट्टी यांच्यामध्ये पंख्यासारखी हलवत राहा. तळाचा मंद रंग बदलून त्यावर ओल्या फरशीसारखी चकाकी आली की त्याच क्षणी, पट्टीचेही टोक चकाकत असताना, पट्टी उभी धरून दाबा. दोन्ही बाजूंनी बारीक ओघळ सारखा उमटला तर जोड लागला. धूर निघाला किंवा तपकिरी छटा आली तर प्लॅस्टिक करपले. तो भाग कापून काढून पुन्हा करावा लागेल. झाल्यावर घाईने पाणी ओतू नका. पॉलिएथिलीन थंड होताना बरेच आकसते, आणि अचानक थंड केले तर जोडाला ताण येऊन कड उचलते. सावलीत आपोआप थंड होऊ द्या.

चिरेची गोष्ट वेगळी आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडल्याशिवाय तिला हात लावू नका, नाहीतर वेल्डिंगच्या पुढून ती पुन्हा धावू लागेल. डोळ्यांना दिसणारे टोक हे खरे टोक नसते, म्हणून तळ हाताने किंचित वाकवून टोक शोधा. मग चिरेला इंग्रजी व्ही अक्षरासारखा चर पाडा, जाडीच्या सुमारे दोनतृतीयांश खोलीपर्यंत, आणि तो दोनतीन फेऱ्यांत भरा. त्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी तापवून रुतवली आणि वरून प्लॅस्टिकचा थर दिला तर जोड आणखी दणकट होतो.

पातळ झालेल्या मागच्या भागावर भोके बुजवत बसू नका. तिथे सगळ्या जागेवर एक नवी पट्टी, हाताच्या पंजाएवढी, चारी कडांनी वेल्ड करून चढवा. गन मात्र दूर धरा. पातळ पडदा क्षणात कोसळतो.


उत्तर : भोगावतीकाठ

वरील उत्तर इतके नेमके आहे की त्यात भर घालण्यासारखे थोडेच उरते. तरी जाळीबद्दल माझे मत वेगळे आहे. घासल्या जाणाऱ्या तळावर जाळी रुतवली की एकदोन हंगामांत वरचा थर झिजतो, तारा उघड्या पडतात आणि त्या तारांच्या कडेकडेने पाणी आत झिरपू लागते. हा झिरपा शोधता शोधता जीव नकोसा होतो, कारण पाणी एकीकडे शिरते आणि दुसरीकडे दिसते. जाळी वापरायचीच असेल तर बोल्टजवळच्या चिरेवर वापरा, तळाच्या घासणाऱ्या भागावर नको, आणि तिच्यावर किमान दोन मिलिमीटर प्लॅस्टिक राहील असे पाहा.

दुसरे म्हणजे ती चीर मुळात का पडली, याचा विचार झालेला दिसत नाही. बोल्ट भोकात घट्ट बसवलेला असेल. पॉलिएथिलीन उन्हात फार वाढते. दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. सकाळ ते दुपार तीस अंशांचा फरक धरला, आणि काठावर उन्हात पडलेल्या होडीला तो सहज मिळतो, तर तीन मीटरची होडी एक सेंटिमीटरहून अधिक लांबते. लाकडी फळी तेवढी लांबत नाही. मग दोघींच्या भांडणात बोल्टच्या भोकाची कड फाटते. चीर भरून तोच बोल्ट त्याच भोकात आवळला तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. भोक बोल्टपेक्षा दोनतीन मिलिमीटर मोठे करा, खाली रबराची चकती आणि तिच्यावर रुंद वॉशर घाला, आणि नट हाताला लागेल एवढाच आवळा.

आमच्याकडे पूर्वी पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक नदी ओलांडत. काहिलीला भोक पडले की तिला डाग देणारा माणूस आधी पत्रा ठोकून बघे. आवाजावरून तो सांगे की हा पत्रा डाग धरील की नाही. प्लॅस्टिकलाही तशी एक परीक्षा आहे. धारदार पात्याने होडीच्या अंगावरून एक साल काढा. ती रंध्यातून निघालेल्या ढलपीसारखी लांब, सलग आणि वेटोळी निघाली तर प्लॅस्टिक जिवंत आहे. ती तुटून तुटून निघाली किंवा तिचा भुगाच झाला तर उन्हाने ते आतपर्यंत मेले आहे. तशा अंगावर कितीही चांगला जोड लावला तरी जोडाला लागून नवी चीर जाईल. तळाची आणि वरच्या काठाची साल वेगवेगळी काढून बघा, कारण ऊन दोन्हींना सारखे लागलेले नसते.


उत्तर : शाळामास्तर_निवृत्त

एक शंका विचारतो. पॉलिएथिलीनवर काहीच चिकटत नाही असे वर म्हटले आहे, परंतु त्याच्या बाटल्यांवर छपाई असते ती कशी टिकते?


उत्तर : उद्यमनगर_जॉबवर्क

मास्तर, शंका रास्त आहे आणि माझे विधान थोडे सैल होते. छपाईपूर्वी त्या बाटलीवरून ज्योत किंवा विजेची ठिणगी फिरवतात. त्यामुळे पृष्ठभागाचे किंचित ऑक्सिडीकरण होऊन तो शाई धरू लागतो. होडीवरही हे करता येते: गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागावरून भरभर, कुठेही न थांबता फिरवायचे आणि त्यावर पाणी शिंपडून पाहायचे. थेंब गोल न राहता पाणी पडद्यासारखे पसरले तर जागा तयार झाली. ती कोरडी करून लगेच लवचीक जातीचे इपॉक्सी लावावे. दगडासारखे कडक होणारे नको, कारण तळ लवतो आणि ते लवत नाही, हे प्रश्नकर्त्यांनी अनुभवलेच आहे. ज्यांची होडी क्रॉसलिंक पॉलिएथिलीनची आहे त्यांना हाच मार्ग उरतो. आपल्या होडीला वेल्डिंगच बरे.

नदीतच भोक पडले तर तात्पुरता इलाज म्हणून जागा कोरडी करून ब्युटाइल टेप दाबून बसवता येते. ती चिकट गोळ्यासारखी असल्यामुळे लवणाऱ्या तळाबरोबर लवते. काठाला येईपर्यंत तेवढे पुरे.


बावडेकर_ऊसवाला

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो. साल काढून पाहिली: तळाची साल वीतभर लांब आणि वेटोळी निघाली, परंतु वरच्या काठाची, जिथे वल्हे टेकते तिथली, भुग्यासारखी झडली. तेव्हा काठावर आता वजन टाकायचे नाही, असे सर्वांना सांगितले आहे. तळ जिवंत असल्यामुळे पुढे गेलो.

मोडीवाल्याकडून काळ्या टाकीचे झाकण घेतले. पहिल्या प्रयत्नात नेमकी तीच चूक केली जी टाळण्यास सांगितले होते: पट्टी सुंदर वितळली, चर गच्च भरला आणि मी खूश झालो. थंड झाल्यावर पकडीने टोक धरून ओढले तर संपूर्ण पट्टी दोरी उसवावी तशी एका दमात बाहेर आली, आणि चराच्या तळाशी माझ्या पात्याचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. दुसऱ्या वेळी गन जवळजवळ पूर्ण वेळ तळावरच ठेवली आणि चकाकी येण्याची वाट पाहिली. ती येते तेव्हा खरोखरच कुणीतरी ओले फडके फिरवल्यासारखे वाटते. त्यानंतरची पट्टी पकडीने ओढली तेव्हा पट्टी तुटली, जोड सुटला नाही. नाण्याएवढ्या भोकाला सुमारे पाऊण तास लागला. चिरेला, टोके शोधण्यासह, दोन तास. चिरेचे खरे टोक दिसणाऱ्या टोकाच्या दीड बोट पुढे होते. जाळी कुठेच वापरली नाही.

मागच्या पातळ भागावर चढवलेल्या पट्टीची एक कड गन जवळ नेल्यामुळे सुरकुतली. ती कापून पुन्हा बसवली. आता ती दिसायला वाईट आहे.

परीक्षेसाठी होडी विटांवर ठेवून बुचाच्या भोकातून पोकळ तळात पाणी भरले, म्हणजे गळती असेल तर बाहेर दिसेल. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी भोक कोरडे, मागची पट्टी कोरडी, मात्र फळीच्या बोल्टखाली वाटीएवढी जागा ओली होती. चीर कोरडीच होती. पाणी बोल्टच्या भोकातूनच येत होते, कारण वॉशर जुनाच लावला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन चकत्या कापून एक वर आणि एक खाली घातली, भोक थोडे मोठे केले आणि नट हातानेच आवळला. दुसऱ्या सकाळी विटांखालची माती कोरडी होती.

काल चौघांनी होडी उचलून, ओढत न नेता, नदीवर नेली.